तेर आणि आजूबाजूची ऐतिहासिक ठिकाणं : जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेर नेमकं कुठं आहे?

धाराशिव जिल्ह्यात, धाराशिव तालुक्यात, तेरणा नदीच्या काठी. धाराशिव शहरापासून रस्त्यानं वीस-पंचवीस किलोमीटर. पुढं ही तेरणा मांजरेला मिळते. २०२३ पर्यंत जिल्ह्याचं सरकारी नाव उस्मानाबाद होतं, त्यामुळं जुन्या पाट्यांवर आणि नकाशांवर दोन्ही नावं दिसतात. गोंधळू नका, गाव एकच.

एवढ्याशा गावात बघण्यासारखं काय आहे?

दोन हजार वर्षांपूर्वीचं तगर नगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या माहितीपुस्तकात तगरचं नाव येतं. गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असा हिशोब त्यात दिला आहे. तगरहून साधं कापड, नाना तऱ्हेची मलमल असा माल गाड्यांवरून भडोचला जाई आणि तिथून जहाजानं परदेशी. पुढं शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. तगर म्हणजे देवगिरी की जुन्नर, यावर बरीच वर्षं वाद चालला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे मांडलं, पाठोपाठ पुरातत्त्व खात्याच्या कझन्स यांनी इथली पाहणी करून मंदिरांची नोंद केली. १९५८ साली पुरातत्त्व अभ्यासक चापेकरांचं उत्खनन झालं, नंतरही खणणं झालं, आणि सातवाहन काळातल्या वस्तीचा पुरावा हाती आला. विटांच्या स्तूपाचे अवशेषही इथं मिळाले.

इथं वेरूळसारखं एका नजरेत डोळ्यांत भरणारं काही नाही, हे आधीच सांगतो. जुनं शहर आजच्या गावाच्या आणि शेतांच्या खाली आहे. गावाभोवतीची पांढरीची टेकाडं म्हणजे शतकानुशतकं एकावर एक साचलेली वस्ती. हे माहीत नसेल तर माणूस अर्ध्या तासात 'झालं बघून' म्हणून गाडीत बसतो. तेरला किमान चार तास द्या.

कसं पोचायचं?

धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग ५२ धाराशिववरून जातो, त्यामुळं बीड किंवा सोलापूरकडून येणं सोपं. लातूरकडून येणाऱ्यांनी मुरूड–ढोकी मार्गे यावं, धाराशिवला वळसा घालायची गरज नाही. रेल्वेनं आलात तर लातूर–कुर्डुवाडी मार्गावर धाराशिव आणि ढोकी ही दोन सोयीची स्थानकं. धाराशिवचं स्थानक शहराबाहेर आहे, उतरल्यावर बसस्थानकापर्यंत रिक्षा करावी लागते. पहाटे उतरणार असाल तर ती जुळणी आधी लावून ठेवा.

धाराशिवहून एसटी मिळते. महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढं मोफत, मात्र आधार कार्ड जवळ लागतं. गाड्यांच्या वेळा शाळेच्या दिवसांत वेगळ्या आणि सुट्टीत वेगळ्या असतात. म्हणून निघण्याआधी बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर जायची वेळ विचारताना परतीची शेवटची गाडी कोणती हेही विचारा. संध्याकाळची एखादी गाडी गावात मुक्कामाला थांबणारी असते, ती सकाळीच परत फिरते. तिच्या भरवशावर राहिलेला पाहुणा रात्री अडकतो.

कोणत्या महिन्यात यावं?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. तूर उभी असते, ज्वारी पोटरीत येते, हवा कोरडी आणि सकाळी गार. मार्चअखेरपासून ऊन तापतं, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि दुपारी बारा ते चार बाहेर फिरणं धोक्याचं. पावसाळ्यात परिसर हिरवा असतो, पण इथली जमीन काळी. पाऊस पडून गेल्यावर वरून सुकलेली दिसते आणि आतून चिकट राहते. बुटाच्या तळाला किलोकिलोनं चिखल धरतो. चारचाकी डांबरी सोडून शेतरस्त्याला घातली की चाक जागेवर फिरून खोल रुतत जातं. मग ट्रॅक्टर बोलावण्याला पर्याय नसतो. गाडी डांबरीवर ठेवा आणि पुढं पायी जा.

कोणत्या दिवशी येऊ नये?

सोमवारी येऊ नका. राज्य शासनाची संग्रहालयं साधारणपणे सोमवारी आणि सरकारी सुट्टीला बंद असतात, आणि संग्रहालय न बघता तेर बघणं अर्धवट आहे.

दुसरी तारीख वेळ अमावस्येची, म्हणजे आपली येळवस. मार्गशीर्ष अमावस्येला, डिसेंबर-जानेवारीत, धाराशिव-लातूरकडची गावं सकाळीच शेतात जातात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, भज्जी, आंबील, उंडे, खीर असा बेत असतो. गावात चहाची टपरीसुद्धा उघडी सापडत नाही. स्मारकं बघायला आलात तर दिवस वाया जाईल, पण कुणी शेतात जेवायला बोलावलं तर आढेवेढे न घेता जा. त्या दिवशी वाटसरूला उपाशी जाऊ देत नाहीत.

संत गोरोबाकाका म्हणजे गोरा कुंभार, त्यांच्या यात्रेत, चैत्र वद्य एकादशीपासून त्रयोदशीच्या आसपास, गाव माणसांनी फुलून जातं. भक्तीसाठी यायचं तर हेच दिवस. इथल्या जुन्या मंदिरांचं विटांचं काम निवांत बघायचं असेल तर हे दिवस टाळा.

त्रिविक्रम मंदिरात काय बघायचं?

आधी आत जाऊ नका, मागच्या बाजूला जा. मंदिराची मागची भिंत अर्धवर्तुळात वळलेली दिसेल. वरचं छत बैलगाडीवर घातलेल्या तट्ट्यासारखं लांबट आणि कमानदार आहे. चैत्यगृहाची, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाची, ही घडण लेण्यांमध्ये आपण दगडात कोरलेली बघतो. तेरला ती विटांनी उभी बांधलेली आहे आणि आजही छतासकट टिकून आहे. अशा जुन्या विटांच्या वास्तू देशात फार थोड्या उरल्या. आंध्रातल्या चेजर्ला इथलं कपोतेश्वर मंदिर हे तिचं जवळचं भावंड.

मग पुढं या. समोरचा सपाट छताचा मंडप नंतर जोडलेला आहे. त्याच्या छताच्या वर नजर टाकली की मूळ वास्तूचा कमानीचा दर्शनी भाग दिसतो. थोडं लांब उभं राहिल्याशिवाय तो दिसत नाही, त्यामुळं बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. आत त्रिविक्रमाची दगडी मूर्ती आहे, पाय उंच उचललेला, बळीची कथा सांगणारी. ही वास्तू आधी बौद्ध चैत्य होती आणि मग मंदिर झाली, असं कझन्स यांचं मत. सुरुवातीपासून हिंदू मंदिरच होतं, असं मानणारे अभ्यासकही आहेत. पूजा आजही चालू आहे, म्हणून चपला बाहेर आणि आवाज खाली.

विटा पाण्यावर तरंगतात म्हणतात, ते खरं का?

तेरच्या जुन्या विटांची ही ख्याती आहे आणि तिच्यामागं साधं कारण आहे. माती मळताना तिच्यात धानाचा कोंडा, तूस घालत. वीट भाजताना तूस जळून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. वीट हलकी होते, भाजणी आतपर्यंत सारखी बसते. भिंतीचा गिलावा जिथं निघालाय तिथं डोळा जवळ नेऊन बघा, विटेच्या अंगावर तुसाचे जवसाएवढे लांबट ठसे दिसतील. आकारानंही या विटा आजच्या विटेपेक्षा बऱ्याच मोठ्या.

तरंगते का हे बघण्यासाठी भिंतीतला तुकडा काढू नका. एक वीट सैल झाली की सांध्यात पावसाचं पाणी शिरतं आणि शेजारच्या चार विटा पुढच्या दोन पावसाळ्यांत हलतात.

उत्तरेश्वर आणि कालेश्वर मंदिरं बघावीत का?

जरूर. दोन्ही विटांची. उत्तरेश्वराच्या गाभाऱ्याची कोरीव लाकडी चौकट ही तेरची मोठी ठेव. आपल्या हवेत लाकूड शतकभर टिकणंही अवघड, इथं इतकी जुनी चौकट शिल्लक राहिली. ती आता संग्रहालयात आहे, त्यामुळं मंदिर आधी आणि संग्रहालय नंतर असा क्रम ठेवलात तर ती चौकट मूळ कुठं बसत होती ते डोळ्यांपुढं उभं राहतं. मंदिर बंद दिसलं तर शेजारी 'काका, चावी कुणाकडं असते?' असं विचारा. दुपारी जेवणाच्या वेळी मात्र पुजाऱ्यांना उठवू नका.

गावात महावीरांचं दिगंबर जैन मंदिर आहे, जैन भाविकांसाठी तेर 'अतिशय क्षेत्र', म्हणजे चमत्काराची ख्याती असलेलं तीर्थ आहे. आत जाताना पट्टा, पाकीट अशा चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवा.

संग्रहालयात किती वेळ लागतो?

दीड तास. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावानं हे शासकीय संग्रहालय आहे. पावसानं टेकाडांवर उघड्या पडलेल्या, शेतात नांगराला लागलेल्या वस्तू लामतुऱ्यांनी जमवल्या, जपल्या. तो संग्रह पुढं शासनाकडे आला आणि त्यातून हे संग्रहालय उभं राहिलं. एका व्यापारी माणसाच्या नजरेमुळं तगर शहराची घरगुती चीजवस्तू गावातच राहिली, याचं मोल फार मोठं आहे.

सगळ्या कपाटांपुढं सारखा वेळ घालवू नका. पांढऱ्या मातीच्या छोट्या मूर्तींपाशी थांबा. पुढचा आणि मागचा असे दोन साचे वापरून त्या पोकळ घडवल्या आहेत. मूर्ती बाजूनं बघितली तर कानाजवळून खाली उतरणारी जोडाची रेघ दिसते. दोन साच्यांची ही पद्धत रोमन जगाशी असलेल्या संपर्कातून आली असं मानतात. शेजारी शंखाच्या बांगड्या, अकीकाचे मणी, सातवाहनांची नाणी. हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर चुकवूच नका. उंची वीतभरसुद्धा नाही, पण तिची बहीण शोभावी अशी भारतीय हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेई शहरात सापडली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. मांडणी अधूनमधून बदलते, म्हणून ती मूर्ती सध्या कुठल्या दालनात आहे ते आत शिरतानाच विचारा. फोटोची परवानगीही तिथंच विचारून घ्या.

गोरोबाकाकांच्या ठिकाणी काय आहे?

तेरणेच्या काठी संत गोरोबाकाकांची समाधी आणि गावात त्यांचं घर म्हणून जपलेली वास्तू. शके १२३९, म्हणजे १३१७ साली चैत्र वद्य त्रयोदशीला काकांनी समाधी घेतली, ही परंपरा. माती तुडवताना विठ्ठलनामात हरवलेल्या काकांच्या पायाखाली स्वतःचं लेकरू आलं, ती कथा इथं पोराटोरांना पाठ आहे. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी मडकी घडवायच्या लाकडी थापटण्यानं संतांची डोकी थापटून कच्चं-पक्कं मडकं ओळखलं आणि नामदेव कच्चे ठरले, तीही. तिथून नामदेव गुरूच्या शोधात औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. मराठवाड्यातल्या संतपरंपरेचा हा धागा धरून फिरायचं असेल तर तेरनंतर औंढा, असा क्रम लावता येतो.

समाधीचं दर्शन सकाळी लवकर घ्या. काकड्यानंतरच्या वेळात गर्दी नसते.

टेकाडांवर मणी, खापरं सापडतात. उचलली तर चालतात का?

नाही. सगळ्यात जास्त नुकसान यातूनच होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या पावसानंतर टेकाडाच्या उतारावर माती धुपते आणि मणी, बांगड्यांचे तुकडे, लाल-काळी खापरं वर येतात. वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी होती यावरून तिचा काळ ठरतो. खिशात गेलेला मणी नुसता मणी उरतो, त्याच्याकडून काही कळत नाही. काही जण नाण्यांच्या आशेनं काठीनं उकरतात. त्यानं उताराची माती सैल होते आणि पुढच्या पावसात हातभर भिंत खाली येते.

कायदाही स्पष्ट आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची मौल्यवान वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा विनापरवाना व्यापार आणि परदेशी पाठवणं गुन्हा ठरवलं आहे. 'जुनं नाणं आहे, घ्या साहेब' असं कुणी म्हणालं तर घेऊ नका. खरं असेल तर गुन्हा, खोटं असेल तर फसवणूक. काही विशेष दिसलं तर हात न लावता फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि संग्रहालयात जाऊन सांगा.

एका दिवसात तेर आणि धाराशिवची लेणी दोन्ही होतात का?

होतात. सकाळी सातला धाराशिव सोडा, आठच्या आत समाधी आणि तिन्ही मंदिरांकडे वळा, साडेदहाला संग्रहालय, एक वाजता जेवण, अडीचला निघून चारच्या सुमारास लेणी. उलट क्रम लावला तर संग्रहालय बंद व्हायच्या वेळी पोचाल. दोन्ही ठिकाणांना जोडणारी सोयीची एसटी नाही, त्यामुळं या बेतासाठी स्वतःची किंवा भाड्याची गाडीच हवी.

लेणी शहरापासून आठ किलोमीटरवर, बालाघाटाच्या डोंगरात. मुख्य लेण्याचा सभामंडप साधारण ऐंशी फूट लांब, ऐंशी फूट रुंद, बाजूंना भिक्षूंच्या खोल्या, आणि आखणी अजिंठ्याच्या वाकाटक काळातल्या विहारांसारखी. गाभाऱ्यात जैन तीर्थंकर पार्श्वनाथांची मूर्ती आहे. ही लेणी मुळात बौद्ध होती आणि नंतर जैन झाली की पहिल्यापासून जैनच, हा वाद एकोणिसाव्या शतकातले लेणी-अभ्यासक बर्जेस यांच्या काळापासून चालू आहे. खडक ठिसूळ असल्यानं दर्शनी खांब कोसळले आहेत. कड्याला टेकून फोटो काढू नका, आणि पावसात ओल्या छताखाली रेंगाळू नका. आत वटवाघळं असतात, म्हणून विजेरी खाली धरा. मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा काहीच नको, मुकाट्यानं मागं फिरा. उतार-पायऱ्या आहेत, गुडघेदुखी असलेल्यांनी काठी घ्यावी.

नळदुर्ग किती लांब? धबधबा कधी मिळतो?

तेरहून धाराशिव–तुळजापूर मार्गे साधारण ऐंशी किलोमीटर, म्हणून त्याला वेगळा दिवस द्या. नळदुर्ग सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर आहे, तिथून पुढं सोलापूरला निघून जाणं सोयीचं.

किल्ल्याच्या आत बोरी नदीवर दगडी बंधारा आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली तो पुरा झाला. बंधाऱ्याच्या भिंतीच्या पोटातच पाणीमहाल आहे. बंधारा ओसंडला की पाणी महालाच्या खिडकीपुढून पडद्यासारखं कोसळतं आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. सांडव्याच्या दोन धारांना नर आणि मादी म्हणतात. हे दृश्य फक्त तलाव भरून वाहतो तेव्हाच, म्हणजे चांगला पाऊस झाला तर ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये कधीतरी. पावसानं ओढ दिली तर अख्खं वर्ष धारा पडत नाहीत. नुसत्या पावसाळ्याच्या भरवशावर लेकराबाळांना घेऊन लांबून येणाऱ्यांची इथंच निराशा होते. आदल्या दिवशी गावातल्या एखाद्या हॉटेलवाल्याला 'सांडवा चालू आहे का' एवढं विचारून मगच निघा.

धबधबा नसला तरी नवबुरुज आणि उपळ्या बुरुज बघण्याजोगे आहेत. उपळ्यावर चढायच्या पायऱ्या उंच आणि अरुंद, वर कठडा कमी. लहान मुलांचा हात सोडू नका.

परंडा याच फेरीत घालावा का?

घालू नका, वाट उलट्या बाजूची आहे. परंडा बार्शीकडून जवळ. भुईकोट किल्ला, भोवती खंदक, दुहेरी तटबंदी. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली, पुढं परंड्यात होती आणि १६३२ साली इथून विजापूरला नेली. जवळच्या डोमगावला समर्थशिष्य कल्याणस्वामींची समाधी आहे. बार्शीत मुक्काम करून सकाळी परंडा-डोमगाव आणि दुपारी येडशीचं रामलिंग, हा बेत जमतो. रामलिंगाचा धबधबाही पावसावर अवलंबून.

तुळजापूरचं दर्शन जोडायचं आहे, काय सांभाळावं?

मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा सोडून जा. नवरात्रात आणि विशेषतः कोजागरी पौर्णिमेच्या आधी सोलापूर-कर्नाटकाकडून लाखो भाविक पायी येतात, तेव्हा सोलापूर–तुळजापूर रस्ता वाहनांना बंद करून वाहतूक वळवतात. त्या दिवसांत गाडीनं नळदुर्ग–तुळजापूर–तेर अशी आखणी करूच नका.

जेवण आणि मुक्काम?

मुक्काम धाराशिव किंवा तुळजापूरला करा, तेरमध्ये लॉज मिळेल या भिस्तीवर येऊ नका. जेवणाचं खेड्यात आधी सांगावं लागतं. चुलीवरची ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, ठेचा एवढं हवं असेल तर सकाळी गावात शिरतानाच एखाद्या खानावळीत माणसं किती ते सांगून मंदिरांकडे जा, एक वाजता गरम मिळेल. न सांगता दोन वाजता गेलात तर वडापाव आणि चहा.

माणशी दोन लिटर पाणी बरोबर असू द्या. सुटे पैसे ठेवा, कारण मोबाइलची रेंज गेली की स्कॅन करून पैसे देणं अडतं. परतताना भूम-कुंथलगिरीकडचा खवा किंवा पेढा घ्यायचा असेल तर त्याच दिवशीचा आहे का विचारा. उन्हाळ्यात बंद गाडीत खवा संध्याकाळपर्यंत आंबतो, म्हणून तो शेवटच्या थांब्यावर घ्या.